दहावीला बंद केलेला खेळ

गेल्या महिन्यात ओळखीचे एक गृहस्थ दवाखान्यात आले. त्यांच्या मुलाला परदेशात नोकरी लागली होती आणि बरोबर कोणकोणती औषधे द्यावीत याची यादी त्यांना हवी होती. तापाच्या गोळ्या, पित्ताच्या, जुलाबाच्या, आणि "एखादं स्ट्राँग अँटिबायोटिकही लिहा डॉक्टर, तिकडे चिठ्ठीशिवाय देत नाहीत म्हणे." अँटिबायोटिक मी लिहिले नाही. तिकडे देत नाहीत ते बरोबरच करतात. बाकीची यादी लिहून दिली आणि सहज विचारले, "मुलगा काही खेळतो का हो?" गृहस्थ माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "आता कसला खेळ? नोकरीला लागला तो!"

काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच उत्तर दिले असते. नव्हे, दिलेच होते, आणि तेही स्वतःच्या मुलाला. आजचे सदर त्याबद्दलच आहे. घरची गोष्ट वर्तमानपत्रात सांगू नये असे आमच्या सौ.चे मत आहे, पण मुलाची परवानगी घेतली आहे.

आमचा मुलगा शाळेत खो-खो खेळायचा. नुसता खेळायचा नाही, चांगला खेळायचा. नववीत शाळेच्या संघातून विभागापर्यंत गेला होता. दहावीच्या जूनमध्ये मी त्याचे खेळाचे बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले. वर्षभराचा प्रश्न आहे, पुढे खेळ की हवे तेवढे, असे म्हणालो. दहावीला ८८ टक्के पडले, पेढे वाटले. पुढे बारावी, मग इंजिनीअरिंग, मग पुण्यात नोकरी. बूट माळ्यावरच राहिले. २०२१ च्या ऑक्टोबरात तो जर्मनीत हॅम्बुर्गला जायला निघाला तेव्हा मी त्याला तपासले. वय २७. वजन ८४ किलो, उंची पाच फूट सात इंच. रक्तदाब १४४/९४. उपाशीपोटी साखर १०८. माझ्या दवाखान्यात असा तरुण दुसऱ्या कोणाचा आला असता तर मी त्याच्या बापाला चार शब्द सुनावले असते.

हॅम्बुर्ग हे एल्ब नदीवरचे मोठे बंदर. उत्तरेला इतके की डिसेंबरात सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी चारला मावळतो. पहिला हिवाळा त्याने खोलीत काढला. कचेरी, खोली, फोनवर मागवलेले जेवण, आणि रविवारी आमच्याशी बोलणे. आम्ही विचारायचो, "जेवलास का? थंडी फार आहे का?" तो म्हणायचा, "बरं आहे." बरे नव्हते. हे त्याने आम्हाला दीड वर्षाने सांगितले.

कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्याला आपल्या क्लबात नेले. तिकडे त्याला फेराइन म्हणतात. फेराइन म्हणजे आपल्याकडच्या नोंदणीकृत मंडळासारखी संस्था, फक्त गणपतीऐवजी बारा महिने चालणारी. सगळ्या जर्मनीत खेळाची अशी सुमारे ८६ हजार मंडळे आहेत. देशाची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या वर, आणि या मंडळांची सदस्यत्वे २ कोटी ८० लाखांहून जास्त. एक माणूस दोन-तीन मंडळांत असू शकतो, तेव्हा माणसे थोडी कमी धरा. तरी आकडा लहान नाही. ही परंपराही जुनी. हॅम्बुर्गमध्येच १८१६ साली स्थापन झालेले व्यायाममंडळ आजही चालू आहे. जगातल्या सर्वांत जुन्या क्रीडामंडळांत त्याची गणना होते. इकडे तेव्हा पेशवाई होती.

२०२३ साली सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्ही दोघे त्याच्याकडे राहून आलो. त्याचा दिवस मी जवळून पाहिला. सकाळी पावणेसहाला उठायचा. सायकलने सहा किलोमीटर कचेरी, पावसातही. तिकडे पाऊस हे न जाण्याचे कारण धरत नाहीत. अंगावर चमकणारा पट्टा, सायकलला पुढेमागे दिवा. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मंडळाचा सराव. शनिवारी आल्स्टर नावाच्या मोठ्या तलावाला फेरी, ती साडेसात किलोमीटरला थोडी कमी भरते. रविवारी दुकाने बंद, गाव शांत, आणि याची विश्रांती. महिन्याची वर्गणी वीस युरोच्या आसपास.

सराव कुठे? सरकारी शाळेच्या सभागृहात आणि मैदानावर. शाळा सुटली की तेच सभागृह संध्याकाळी मंडळांना मिळते. साडेपाचला लहान मुलांचे जिम्नॅस्टिक, सातला यांचा धावण्याचा गट, साडेआठला बायकांचा हँडबॉल. दिवे दहापर्यंत चालू. इमारत एकच, पण तिला दोन पाळ्या. आपल्या तालुक्यातल्या शाळांची मैदाने सहा वाजता कुलपात जातात, ते आठवून मला तिथे उगाच राग आला.

गटात सोळा-सतरा माणसे. बासष्ट वर्षांची टपाल वाटणारी बाई, एक बसचालक, एक शाळामास्तर, बँकेतला कारकून, दोन विद्यार्थिनी आणि आमचे चिरंजीव. यातला एकही ऑलिंपिकला जाणार नाही. पदकाची आशा नाही, नोकरीत गुण मिळत नाहीत, वर्तमानपत्रात फोटो येत नाही. तरी मंगळवार म्हणजे मंगळवार. तिकडे कचेरीत अनोळखी माणसाला 'आपण' म्हणण्याची रीत कडक आहे, पण मैदानावर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. पोरगा भाषा शिकला ती तिथे, वर्गात नव्हे.

सगळे गोडच आहे असे मात्र समजू नका. पहिले तीन महिने त्याच्याशी कोणी धड बोलले नाही. सराव झाला की घोळक्याने बिअर प्यायला जायचे, हा एकटाच घरी. (आता तोही जातो. सफरचंदाचे सरबत पितो असे सांगतो. मी खोलात शिरलो नाही.) तिकडच्या मंडळांना शिकवायला स्वयंसेवक पुरत नाहीत, लहान मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला लांबलचक प्रतीक्षायादी असते, आणि हृदयतज्ज्ञाची साधी वेळ मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात. आपल्याकडे त्याच दिवशी मिळते.

तब्येतीचे म्हणाल तर दोन वर्षांत वजन ८४ वरून ७१ वर आले, रक्तदाब १२४/८०. औषधाची एकही गोळी नाही. पण त्याच्या पहिल्या हिवाळ्यातल्या दोन गोष्टी परदेशी मुले असलेल्या आईबापांनी लक्षात ठेवाव्यात. त्याचे पाय सतत दुखायचे, थकवा यायचा. रक्त तपासले तेव्हा ड जीवनसत्त्व ११ निघाले. २० च्या खाली ते कमी धरतात. इतक्या उत्तरेला ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका तिरपा असतो की उघड्या अंगाने उभे राहिले तरी त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. आपली त्वचा सावळी, तिला ऊन आणखी जास्त लागते. तिथल्या डॉक्टरांनी त्याला हिवाळाभर रोज ८०० युनिट दिले. आपल्याकडे ६० हजार युनिटची पुडी मिळते. ती आठवड्याला एक, आठ आठवडे, असे सांगितले की पुष्कळ लोक वर्षभर घेत बसतात. तसे करू नये, जास्तीचे हे जीवनसत्त्व रक्तातले कॅल्शियम वाढवते आणि मूत्रपिंडाला बाधते.

दुसरी गोष्ट ब-१२. आम्ही शाकाहारी. तिकडे दूध, दही आणि क्वार्क नावाचा आपल्या चक्क्यासारखा पदार्थ स्वस्त मिळतो. सकाळी राईच्या पावाबरोबर वाटीभर क्वार्क, रात्री वरण-भात, मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर त्याचे धावणे चालते. डबेवाली पावडर लागत नाही. ब-१२ मात्र वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला जड जाते.

आम्ही तिथे असताना ऑक्टोबरात जवळच्या गावात दहा किलोमीटरची शर्यत होती. तो तीन महिने त्यासाठी राबत होता. मलाही कोण उत्साह! पंधरा वर्षांपूर्वी ज्याचे बूट मी माळ्यावर टाकले त्याला मला धावताना बघायचे होते. शर्यत रविवारी. सोमवारी रात्री त्याला ताप आला, १०१. अंग दुखत होते, घसा धरला होता. पॅरासिटामॉल, गरम पाणी, झोप. गुरुवारी ताप उतरला. मी म्हणालो, "झालं, आता दोन दिवस आहेत. हळू पळ, पण पळ."

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या प्रशिक्षक बाईंचा फोन आला. बाई कुठल्याशा कंपनीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेल्या. प्रशिक्षकाचा पहिला परवाना त्यांच्याकडे आहे, तो १२० तासिकांच्या शिक्षणानंतर मिळतो. त्यांनी विचारले, ताप उतरून किती दिवस झाले? हा म्हणाला, एक. बाई म्हणाल्या, मग रविवारी तू टेबलाशी पाणी वाटायला उभा राहा.

मला राग आला. मी एमबीबीएस, तीस वर्षे दवाखाना, आणि हिशेबनीस बाई मला ताप शिकवणार! मुलाला मराठीत म्हणालोही, "तिला काय कळतं?" तो म्हणाला, "बाबा, मंडळात त्यांचं ऐकावं लागतं." रविवारी त्याने पाणी वाटले. मी बाजूला तोंड पाडून उभा होतो.

सोमवारी आम्ही जिना चढत होतो. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, ठोका चुकल्यासारखा वाटतोय." मी नाडी धरली. खरोखरच ती मधूनमधून चुकत होती. तिथल्या घरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्तातले ट्रोपोनिन तपासले आणि त्याला सरळ इस्पितळात पाठवले. तीन दिवस यंत्राला जोडून ठेवले, एमआरआय झाला. निदान: हृदयाच्या स्नायूला सूज, सौम्य स्वरूपाची. तापाच्या विषाणूमुळे येते ती.

ही सूज आली असताना माणूस घरी स्वस्थ पडून राहिला तर बहुतेक वेळा ती आपोआप ओसरते, कित्येकदा कळतही नाही. पण त्याच दिवसांत जोराचा व्यायाम केला तर सुजलेल्या स्नायूवर ताण येतो, ठोक्यांची लय बिघडते आणि धडधाकट माणूस धावता धावता कोसळू शकतो. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूच्या कारणांत हे एक ठरलेले कारण आहे. मला हे माहीत नव्हते असे नाही. परीक्षेत लिहिले होते. पण त्या शुक्रवारी मी डॉक्टर नव्हतो, शर्यत बघायला आलेला बाप होतो. त्या बाईंनी फोन केला नसता तर काय झाले असते याचा विचार मी अजून पुरा करत नाही.

त्याला तीन महिने खेळ बंद ठेवायला सांगितले. साधारण तीन ते सहा महिने असा प्रघात आहे. नंतर पुन्हा ईसीजी, सोनोग्राफी, चोवीस तासांचा ईसीजी, व्यायामाची चाचणी. सगळे ठीक आल्यावर २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने पहिले दोन किलोमीटर चालत-पळत काढले. त्याची आई त्या दिवशी फोनजवळ बसून होती.

तेव्हा वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. नुसते नाक वाहते आहे, गळ्याच्या वरचाच त्रास आहे, तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीत कफ, धाप, हगवण यातले काही असेल तर व्यायाम पूर्ण बंद, आणि ताप उतरल्यावरही निदान आठवडाभर धावपळ नाही. नंतर जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागली, छातीत दुखले, ठोके चुकले, चक्कर आली, तर ईसीजी काढल्याशिवाय मैदानावर पाय ठेवू नये. आपल्याकडची पोलीस भरतीची पोरे डेंगीच्या तापातून उठतात आणि चौथ्या दिवशी हायवेला पळायला लागतात. त्यांच्या आईबापांनी हे कात्रण जपून ठेवावे.

भरतीचा विषय निघाला म्हणून सांगतो. पहाटे पाचला आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर दीड-दोनशे मुलेमुली पळत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. काय त्यांचे पाय, काय त्यांचा दम! अंधारात ट्रकच्या बाजूने पळतात, कारण मैदानाला कुलूप. आणि भरतीचा निकाल लागला की पास झालेला पळायचे थांबतो, नापास झालेलाही थांबतो. पाच वर्षांनी तेच पाय माझ्या दवाखान्यात गुडघेदुखी घेऊन येतात, पोट सुटलेले असते. आपल्याकडे खेळ हा कशासाठी तरी असतो. ते काम झाले किंवा फसले की खेळ संपला.

याची किंमत आपण इतरांपेक्षा लवकर मोजतो. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेला इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे मधले वय आपल्या दक्षिण आशियात ५३ निघाले, इतरत्र ५९ च्या जवळपास. सहा वर्षे आधी, म्हणजे मुलांची शिक्षणे-लग्ने व्हायच्या आत. देशात मधुमेही १० कोटींहून जास्त असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुष्कळांचा खेळ दहावीला बंद झालेला असणार, असे मी पैजेवर सांगतो.

हॅम्बुर्गला त्याच शाळेच्या सभागृहात बुधवारी हृदयरुग्णांचा गट भरतो. मुलगा आजारी होता त्या काळात मी दोनदा जाऊन पाहिले. साठ ते ऐंशीची मंडळी, कोणाला झटका येऊन गेलेला, कोणाचे बायपास झालेले. चेंडू खेळत होती, हात वर करून फेऱ्या मारत होती, हसत होती. डॉक्टर तिथे हजर असतो किंवा हाक मारल्यावर लगेच येईल असा असतो, आणि शॉक देण्याचे यंत्र जवळ ठेवलेले. डॉक्टरांनी हे चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि खर्च विमा संस्थेने सोसायचा, अशी तिथली रीत. माझा एक पेशंट आठवला. अँजिओप्लास्टी होऊन दोन वर्षे झाली तरी घरचे त्याला पाण्याची कळशी उचलू देत नाहीत. तो दिवसभर खुर्चीत बसून टीव्ही पाहतो, आणि मी दर महिन्याला त्याच्या गोळ्या वाढवतो.

तिकडे दरवर्षी एक क्रीडा-बिल्ला मिळवता येतो. १९१२ पासूनची प्रथा. दम, ताकद, वेग आणि समन्वय अशा चार गटांत वयाप्रमाणे परीक्षा, अगदी नव्वदीच्या पुढच्यांसाठीही वेगळे आकडे. पण पोहता आलेच पाहिजे, त्याशिवाय बिल्ला नाही. आमचा मुलगा तिथे अडला. आमच्या लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकलायचे, आठ दिवसांत पोर पोहायला लागायचे. मी मात्र विहिरीत बुडालेली दोन मुले तपासली होती, म्हणून आपल्या मुलाला पाण्याजवळ जाऊ दिले नाही. तिसाव्या वर्षी तो कमरेइतक्या पाण्यात, शेजारी सहा-सहा वर्षांची पोरे, असा शिकला. गेल्या वर्षी दोनशे मीटर अकरा मिनिटांच्या आत पोहला आणि कांस्य बिल्ला मिळाला. तो त्याने आम्हाला पाठवून दिला. सौ.ने तो देवघराच्या खणात ठेवला आहे.

परत आल्यापासून मी येथील एका शाळेच्या मैदानाचे फाटक सकाळी साडेपाच ते सात आणि संध्याकाळी सहा ते आठ उघडे मिळावे म्हणून खटपट करतो आहे. मैदान लग्नांना, प्रदर्शनांना, सभांना मिळते, त्याचे भाडे येते. पळणाऱ्यांचे भाडे येत नाही. मुख्याध्यापक म्हणाले, एकट्यादुकट्या माणसाला देता येत नाही, नोंदणीकृत संस्था आणा. रास्त आहे. जर्मनीतही मंडळ नोंदवायला सात माणसे लागतात, आणि आपला १८६० चा संस्था नोंदणी कायदाही सातच माणसे मागतो. आत्तापर्यंत माझी, आमच्या कंपाउंडरची, एका निवृत्त खो-खो शिक्षकांची, बँकेतल्या एका भगिनींची आणि त्या अँजिओप्लास्टीवाल्या पेशंटची अशा पाच सह्या झाल्या आहेत. पाचवी सही करताना त्यांच्या सौभाग्यवती माझ्यावर रागावल्या होत्या. त्यांची समजूत काढायला मी रविवारी त्यांच्याकडे चहाला जाणार आहे. अर्ज दवाखान्यात टेबलावर आहे. सकाळी दहा ते एक मी असतोच.